झाकलेल्या पियानोची शिकवणी

प्रमोदिनीला आधी बुलबुल ऐकू येईनासे झाले. उन्हाळ्यात पाण्यापायी कुठं गेले असतील, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं. मग कुकर. नवरा, श्रीधर, ऑफिसातून आला की चपला काढता काढताच ओरडायचा, "अगं, डाळीचा कोळसा झाला बघ!" आणि ती त्याच ओट्यापाशी शांतपणे भाजी चिरत उभी असायची. तरीही तिनं मनावर घेतलं नाही. मनावर घेतलं ते तंबोऱ्यामुळं.

ती मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची. शाळेच्या तंबोऱ्याची जवारी गेली, असं तिला वाटायला लागलं. तारा भद्द वाजत होत्या, त्यांच्यातून उठणारी बारीक झिणझिण उरली नव्हती. तिनं तंबोरा गुलमंडीजवळच्या एका कारागिराकडं नेला. त्यानं तो मांडीवर घेतला, चारी तारा छेडल्या, डोळे मिटून ऐकलं.

"बाई, जवारी तर मस्त बोलतेय की. यात दुरुस्त काय करू?"

प्रमोदिनीनं तंबोरा परत आणला आणि दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडं गेली.

डॉक्टरांनी कानाला हेडफोन लावून तपासलं आणि आलेख काढून तिच्यासमोर धरला. डावीकडं, खर्जाच्या बाजूला, रेघ सरळ होती. उजवीकडं ती दौलताबादच्या कड्यासारखी तुटून खाली गेली होती. नस कमजोर होतेय, ते म्हणाले. औषध नाही. हा कडा हळूहळू डावीकडं सरकत येईल. किती वेगानं, ते कुणालाच सांगता येणार नाही.

"घरात आणखी कुणाला होतं असं?"

"आईला."

आईचं, भानुमतीबाईंचं, ऐकणं पन्नाशीच्या आतच संपलं होतं. बाई मोठ्या गाण्यातल्या. प्रमोदिनीनं एकदा त्यांना पाटीवर लिहून विचारलं होतं, गाणं आठवतं का? त्या म्हणाल्या होत्या, "आठवतं की. सगळं वाजतं डोक्यात. पण तेच ते गं. नवीन काही येत नाही. शिळ्यावर दिवस काढते." आणि हसल्या होत्या. आता ते हसणं प्रमोदिनीची पाठ सोडेना. ऐकू न येण्याची तिला तेवढी भीती नव्हती. माणसं खुणा करतात, लिहून दाखवतात, संसार अडत नाही. पण उरलेलं सगळं आयुष्य शिळ्या गाण्यावर काढायचं, डोक्यात एकही ताजा सूर यायचा नाही, ही तिची खरी भीती होती.

त्याच हिवाळ्यात शाळांच्या समूहगीत स्पर्धेला परीक्षक म्हणून एस्तेरबाई त्रिभुवन आल्या. त्या छावणीत, गावाच्या जुन्या लष्करी भागात, राहायच्या. साठी उलटलेली, अंगावर कडक खळ केलेली पांढरी साडी, पाठ खुर्चीला न टेकवता बसायची सवय. लहानपणी जालन्याला एका मिशनरी मडमेकडं त्या पियानो शिकल्या होत्या आणि रविवारी चर्चमध्ये वाजवत. मधल्या सुट्टीत सगळे चहाला उठले, एस्तेरबाई जागेवरच राहिल्या. पिशवीतून त्यांनी छापलेला एक कागद काढला. त्यावर नुसत्या रेघा आणि ठिपके होते. तो त्या वाचायला लागल्या आणि जरा वेळानं हसल्या. चांगल्या मोठ्यानं, एकट्याच.

प्रमोदिनी त्यांच्यासाठी चहा घेऊन आली होती. "विनोदी आहे का बाई काही?"

"विनोदीच. हे बघ, उजवा हात एक गोष्ट सांगतो. डावा एक पाऊल मागं राहून तीच गोष्ट सांगतो, चिडवल्यासारखी. पोरं करतात बघ, आपण बोललो की तस्संच बोलून दाखवतात. आणि या उजव्याला ते इथपर्यंत कळतच नाही!" त्यांचं बोट कागदाच्या तळाशी टेकलं आणि त्या पुन्हा हसल्या.

"पण तुम्हाला ऐकू येतंय हे? आत्ता?"

"येतंय म्हणजे? तू पत्र वाचतेस तेव्हा लिहिणाराचा आवाज येतो की नाही?"

"आधी कधी वाजवलं असेल तुम्ही."

"सकाळी टपालानं आलं. उघडायला आत्ता सवड झाली."

चहाचा कप प्रमोदिनीच्या हातात तसाच राहिला. सूर कागदावर लिहायची रीत आपल्याकडंही होती. तिच्या कपाटात चिजांची पुस्तकं होती. पण तो नुसता सांगाडा. मींड किती लांब ओढायची, कुठं रेंगाळायचं, हे गुरूच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यात जीव येत नसे. आणि इथं ही बाई कधीही न ऐकलेलं गाणं कागदावरून ऐकत होती, अगदी ताजं, आणि त्यातल्या चेष्टेला दाद देत होती.

पुढच्याच शनिवारी दुपारी प्रमोदिनी छावणीत जाऊन उभी राहिली. मला हे वाचायला शिकवा, म्हणाली. कानांचं मात्र तिनं सांगितलं नाही. बहिरी होत चाललेल्या बाईला संगीत कोण शिकवेल?

घर बैठं, कौलारू. पियानो आतल्या खोलीत भिंतीला लागून होता. पोलीस ॲक्शननंतर निजामाच्या फौजेतला एक कॅप्टन सगळं आवरून हे गाव सोडून गेला, तेव्हा त्याच्या बेगमेनं तो एस्तेरबाईंच्या हवाली केला होता. इथल्या कोरड्या हवेत लाकूड तडकू नये म्हणून एस्तेरबाई त्याची खालची फळी काढून आत पाण्यानं भरलेली बरणी ठेवत. बरणीतलं पाणी बघायचं काम आवडाबाईचं. ती जवळच्या शेंद्रा गावची, मागच्या खोलीत राहायची, दोन शेळ्या बाळगून होती आणि सगळ्या जगाला शेळ्यांसारखीच दटावायची.

"नुसतं पानी पितंय, चारा मागत नाय, एवढंच बरं हाय," ती पियानोबद्दल म्हणायची.

पहिल्या दिवशी डाव्या हातानं प्रमोदिनीची फजिती केली. जन्मभर तिनं पेटी वाजवली होती. पेटीवर उजवा हात गातो आणि डावा भाता मारतो. पियानोसमोर बसून उजव्या हातानं चार सूर वाजवल्याबरोबर तिचा डावा हात आपोआप उठला आणि हवेत मागंपुढं हलायला लागला.

"कुणाला वारा घालतेस?" एस्तेरबाईंनी विचारलं.

"घालू द्या की," दारातून आवडाबाई म्हणाली. "डास तर पळतील."

मग कागद. पाच रेघा, मधे चार मोकळ्या जागा. रेघेवरच्या सुरानंतर जागेतला, जागेतल्यानंतर वरच्या रेघेवरचा, अशी चढत जाणारी शिडी. प्रमोदिनीनं प्रत्येक ठिपक्याखाली पेन्सिलीनं सा रे ग म लिहून टाकलं. एस्तेरबाईंनी खोडरबर आणून एकेक अक्षर पुसलं. "कुबड्या घेऊन आलीस तर चालायला कधी शिकणार?"

पुढं शिकवणीची एक रीत पडली. एस्तेरबाई नवं पान लावायच्या, एकदा स्वतः वाजवून दाखवायच्या आणि उठून प्रमोदिनीला जागा द्यायच्या. त्यांचं वाजवणं प्रमोदिनी जिवाचा कान करून ऐकायची. बोटं फार हलत नसत. जोर लावलेला दिसत नसे, आणि तरी प्रत्येक सूर स्वच्छ धुतलेल्या पेल्यासारखा समोर येऊन उभा राहायचा. मग प्रमोदिनी बसायची. पहिल्यांदा अडखळत, दुसऱ्यांदा बरं, तिसऱ्यांदा सफाईनं. नजर पानावरून न हलवता.

"मुलींना इथवर यायला वर्ष लागायचं माझ्याकडं," एस्तेरबाई चकित होऊन म्हणायच्या.

घरी जाताना प्रमोदिनीचे पाय जमिनीला टेकत नसत. कडा सरकतोय, हे तिला कळत होतं. वर्गात हजेरी घेताना मुलींची "हजर" आता तिला ऐकू येत नसे. ती हात वर करायला सांगायची. पण आपण त्या कड्याच्या पुढं धावतोय, असं तिला वाटत होतं.

होळीच्या सुमारास एस्तेरबाईंनी नाचाचं एक छोटं गाणं लावलं. त्यांच्या उजव्या अनामिकेचा सांधा त्या दिवशी सुजला होता. तिसऱ्या ओळीत ते बोट लटपटलं आणि शेजारच्या पट्टीवर पडलं. त्या क्षणभर थांबल्या, सावरून पुढं गेल्या, पान संपवलं आणि उठल्या.

प्रमोदिनीनं वाजवलं. एस्तेरबाई खिडकीशी उभ्या होत्या. तिसरी ओळ आली आणि त्या वळल्या.

"पुन्हा वाजव."

तिनं पुन्हा वाजवलं.

"तिसरी ओळ, दुसरा सूर. कुठं लिहिलाय तो? बोट ठेव."

प्रमोदिनीनं खालून मोजायला सुरुवात केली. रेघ, जागा, रेघ, जागा. बोट जिथं थांबलं तिथं दुसराच सूर होता.

"ती माझी चूक होती," एस्तेरबाई म्हणाल्या. "माझं बोट घसरलं. तू माझी चूक वाजवलीस. आणि घसरल्यावर मी जो श्वास घेतला ना, तोसुद्धा वाजवलास."

त्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं आणि पानावर पांघरलं. "आता वाजव."

प्रमोदिनीनं वाजवलं. पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत, चुकीसकट, श्वासासकट.

मागच्या अंगणात शेळी ओरडली. प्रमोदिनीचे गुरुजी याच गुणासाठी तिची पाठ थोपटायचे: दिलं तसं उचलते पोरगी, एक कण सांडत नाही. इतके महिने डोळे पानावर होते आणि वाचत होते कान. एक ओळसुद्धा तिनं वाचली नव्हती.

"तुझ्या कानाचा मला हेवा वाटतो," एस्तेरबाई म्हणाल्या. "पण तो तुला वाचू देणार नाही. यापुढं मी काही वाजवून दाखवणार नाही. पान लावीन, तुझं तू वाचायचं."

"असं नका करू, बाई."

"का?"

तेव्हा प्रमोदिनीला सांगावंच लागलं. तोंडानं सांगण्याआधी तिनं दाखवलं. उजवीकडच्या टोकाच्या पट्ट्या ती एकेक करून दाबत आली. "तुम्हाला सूर ऐकू येतायत ना? मला नुसतं लाकूड ऐकू येतं. ठक, ठक. आता इथं... इथं सूर लागला. मी पहिल्यांदा आले तेव्हा तो तिकडं लागायचा." तिनं उजवीकडची आणखी लांबची पट्टी दाखवली. "कान चाललेत माझे. आहेत तोवर तुमचं ऐकून घेऊ द्या. जमेल तेवढं साठवून ठेवते."

एस्तेरबाई स्टुलावर बसल्या. "मग हे वाचायला शिकायला कशाला आलीस?"

प्रमोदिनीनं आईचं सांगितलं. डोक्यात वाजणारी तीच ती गाणी. शिळ्यावर काढलेले दिवस.

"म्हणजे तुला नवं हवंय. कान नसताना."

"हो."

"मग साठवून काय होणार? मी आज ढीगभर वाजवलं तरी तुझ्या आईच्या त्या शिळ्याच्या हंड्यात भरच ती. उद्या सगळं शिळंच." एस्तेरबाई उठल्या. त्यांनी पियानोचं झाकण खाली ओढून बंद केलं आणि नाचाच्या गाण्याचं पान त्या झाकणावर ठेवलं. "मला वाटलं होतं, तू वाचायला लागलीस की पुन्हा थोडं वाजवीन. आता तर अजिबात वाजवणार नाही."

प्रमोदिनी पर्स उचलून निघून आली. दारातल्या आवडाबाईशीही बोलली नाही.

पुढच्या शनिवारी ती गेलीच नाही. श्रीधर पेपर वाचत होता. त्यानं पेपरावरून डोकावून मोठ्यानं विचारलं, "का हो विद्यार्थिनी, आज शाळेला दांडी?"

"निर्दयी आहेत त्या," प्रमोदिनी म्हणाली. "ऐकायचे दिवस माझे मोजके उरलेत. आणि त्या झाकण लावून बसल्यात."

श्रीधरनं पेपराची घडी घातली. तो तिच्याजवळ येऊन बसला, म्हणजे तिला त्याचे ओठ दिसतील. "डॉक्टर किती गोड बोलले होते आपल्याशी. चहासुद्धा पाजला. आणि हात वर केले. ही बाई कडू बोलतेय, पण हात वर करत नाहीये."

"तुम्हाला काय कळतं गाण्यातलं?"

"काही नाही. मला माणसांतलं थोडं कळतं. चल, स्कूटर काढतो."

बंद झाकणाची शिकवणी अशी सुरू झाली. दोघी झाकणावर पान ठेवून शेजारी शेजारी बसायच्या. "नावं घेऊ नकोस," एस्तेरबाई सांगायच्या. "हा कोण, तो कोण, विचारू नकोस. यातून त्यात जायला किती उडी घेतली, ते बघ. या रेघेवरून वरच्या रेघेवर गेला, म्हणजे मधला एक सूर ओलांडला. तुमचा सा आणि ग. झोपेतून उठवलं तरी गाशील तू सा-ग. मग कागदावर ही उडी कुठंही दिसली की तुझ्या डोक्यात ती वाजलीच पाहिजे."

सुरुवातीला काही वाजेना. डोकं पहाडासारखं गप्प. मग सा-ग वाजायला लागलं. मग सा-प. सुटे सूर, दोन-दोनच्या जोड्या. अक्षरं ओळखणाऱ्या पण शब्द न लागणाऱ्या पहिलीतल्या पोरासारखी तिची गत. ताल वेगळा राहायचा आणि सूर वेगळे. एस्तेरबाई झाकणावर बोटानं ठेका धरायच्या आणि तिच्या कपाळाकडं बघायच्या.

"पेटी झाकून दोघी मयताला बसल्यावानी काय बसता वो?" आवडाबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहायची.

"वाचतोय, आवडाबाई."

"मग मोठ्यानं वाचा की. मलाबी कळंल."

एकदा प्रमोदिनी फार वैतागली. "तुम्हाला कसं कळणार, बाई? तुम्हाला जन्मापासून येतंय हे."

"मला काय येतं सांगू? कागद असला तर सगळं येतं. काढून घेतला की मी मुकी. चर्चमध्ये एकदा वाऱ्यानं पान उडालं. रोजचं गाणं, हजारदा वाजवलेलं. तरी बोटं जागच्या जागी थिजली. लोक आपले गातायत, आणि ही बाई बाकांखालून रांगत पान शोधतेय."

"पाळकबाईच्या पायाखाली घावलं," आवडाबाई म्हणाली. "म्या म्हनलं, बाई, पाय उचला, आमच्या बाईचा आवाज दाबलाय तुमी."

एस्तेरबाईंना हसू आवरेना. प्रमोदिनी त्यांच्याकडं बघत राहिली. एवढी मोठी बाई, आणि आपलं उणं कसं ताटात वाढल्यासारखं समोर ठेवते! तिच्या मनात आलं, आपण मात्र इतके महिने कान लपवून बसलो होतो.

उन्हाळा गेला, पावसाळा सरत आला. प्रमोदिनी घरी पान स्वयंपाकघरातल्या फडताळावर उभं करून ठेवायची आणि पोळ्या लाटताना वाचायची. पोळी करपली तर करपू दे. श्रीधर तक्रार करत नसे. करपलेली पोळी ताटात उलटी करून ठेवायचा, एवढंच. जोड्यांचे आता तुकडे होऊ लागले होते, चार-चार सुरांचे. पण ते तिच्या ओळखीचे तुकडे होते, कधी ना कधी कुठं तरी ऐकलेले. नवं आलं असं ती छातीवर हात ठेवून म्हणू शकत नव्हती. आणि कडा आता पियानोच्या मधल्या पट्ट्यांकडं निघाला होता.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात एस्तेरबाईंनी तिला एक लिफाफा दिला. आत चार पानी छापील गाणं होतं.

"हे मी वाजवलेलं नाही. वाचलेलंही नाही, म्हणजे तोंडावरसुद्धा काही दिसायला नको. वाचून ये. आलं तर येऊन सांग. नाही आलं तरी येऊन सांग."

लिफाफा तिनं पर्समध्ये ठेवला. घरी जाताना क्रांती चौकात स्कूटर पंक्चर झाली. श्रीधर पंक्चरवाल्यापाशी उकिडवा बसला आणि प्रमोदिनी दुकानाच्या सावलीतल्या बाकड्यावर. चौकात ट्रक, रिक्षा, सायकलींची झुंबड होती. तिच्यापर्यंत त्यातलं गुरगुरणं तेवढं पोहोचत होतं, वरचं सगळं जणू कुणी कात्रीनं कापून नेलं होतं. घरी पोळ्या, शाळेत मुली. इथं काहीच करायचं नव्हतं. तिनं लिफाफा उघडला.

पहिली ओळ तिनं नेहमीसारखी वाचली. एक पाऊल वर. अजून एक. मग उडी. मग तिथंच थांबणं, लांब, दोन श्वासांचं. पुढं उतरायचं होतं, आणि ती सवयीनं आल्या वाटेनंच उतरायला निघाली. पण कागद तसं म्हणत नव्हता. कागद उतरला नाही. तो आणखी अर्धा सूर वर सरकला, नुसता अर्धा, उंबऱ्यावर पाऊल ठेवून विचार करणाऱ्या माणसासारखा, आणि मग भलत्याच बाजूनं घरंगळत खाली आला.

हे तिला सुचलं नसतं. असं तिनं कधी ऐकलं नव्हतं, गुरुजींकडं नाही, रेडिओवर नाही, एस्तेरबाईंकडंही नाही. हे कुण्या परक्या माणसाला परक्या मुलखात सुचलं होतं, आणि ते तिच्या डोक्यात वाजत होतं. तुकडे नव्हते. ताल वेगळा नव्हता. तिनं घाबरून नजर काढली, गाणं थांबलं. पुन्हा ठेवली, जिथं सोडलं होतं तिथून सुरू झालं.

"कुठलं गं हे गाणं?" श्रीधर हात पुसत समोर उभा होता. आपण गुणगुणत होतो, हे तिला तेव्हा कळलं.

"माहीत नाही."

"माहीत नाही काय? गात तर होतीस. पंक्चरवालासुद्धा हात थांबवून ऐकत होता."

"आत्ताच आलंय," ती म्हणाली. "अहो, परत छावणीला चला."

"आत्ता तर तिकडनं आलो आपण!"

"चला ना."

एस्तेरबाई अंगणात बसून शेंगा सोलत होत्या. प्रमोदिनीनं पान त्यांच्या हातात दिलं आणि उभ्या उभ्याच, त्यांच्या खांद्यावरून ते बघत, गायला सुरुवात केली. शब्द नव्हतेच, नुसता आकार. एस्तेरबाईंचं बोट पानावर ठेवलेलं होतं आणि तिच्या आवाजाबरोबर रेघांवरून चढत, थांबत, उतरत चाललं होतं. त्या अर्ध्या सुरापाशी ते बोट थबकलं, कारण तिथं काय आहे, हे त्यांनाही तेव्हाच कळलं. त्यांच्या भुवया वर गेल्या.

पहिलं पान संपलं. प्रमोदिनी थांबली. "पुढचं वाचायचं राहिलंय. पंक्चर निघालं."

"दुसऱ्या ओळीत घाई केलीस," एस्तेरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "आणि पट्टी तुझी धरलीस. त्यानं लिहिलेली नव्हे."

"पेटीवाली आहे मी, बाई. गळ्याला झेपेल ती आमची पट्टी. पण... बरोबर होतं? हेच लिहिलंय?"

"हेच लिहिलंय."

"तुम्ही कधी वाजवलं नव्हतं? नक्की? माझ्या कानावरून कधी गेलं नव्हतं?"

"अगं बये, मीच तुझ्याकडून पहिल्यांदा ऐकलं." शेंगांचं सूप बाजूला सारून त्या उठल्या. "आता मला राहवत नाही. पुढं काय करतो हा माणूस, ते बघायचंय मला. चल आत."

आवडाबाई त्यांच्या मागोमाग आली. "उघडली का पेटी? बरं झालं. मला वाटलं, आत कुनी गेलं का काय."

एस्तेरबाईंनी चारी पानं एकामागं एक लावली. अनामिका चोळली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. प्रमोदिनी त्यांच्या डाव्या खांद्यापाशी उभी राहिली. पहिल्या पानावर कान आणि डोळे बरोबर चालले होते. दुसऱ्या पानावर गाणं वर जायला लागलं, आणखी वर, एस्तेरबाईंचा उजवा हात पियानोच्या टोकाकडं सरकला. प्रमोदिनीला आता त्याचं काही ऐकू येत नव्हतं. तिनं नजर पानावरून हलवली नाही. वरच्या रेघांच्याही वर ठिपके उडाले होते. तिथं तो माणूस पुन्हा त्या अर्ध्या सुरापाशी आला होता, पण या वेळी तो थबकला नाही, दार ढकलून सरळ आत गेला. प्रमोदिनीच्या तोंडून "अरे!" निघालं.

एस्तेरबाईंचे दोन्ही हात गुंतले होते. त्या पानाची शेवटची ओळ संपत आली, तशी त्यांनी पान उलटायची खूण करायला मान उचलली. प्रमोदिनीनं पान आधीच उलटलेलं होतं.